तळघरातला बंब

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी बंब उठायचा. खरं म्हणजे तो तेलावर चालणारा बॉयलर. तळघराच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटासारखा उभा, शेजारी त्याची तेलाची टाकी. पण अंघोळीचं पाणी आणि अख्खं घर दोन्ही तोच तापवायचा, म्हणून आईने पहिल्याच हिवाळ्यात त्याचं नाव बंब ठेवलं आणि मग बाबाही तेच म्हणायला लागले. आधी खालून 'खट्' असा आवाज यायचा, मग क्षणभर काहीच नाही, मग पायाखाली एक दबका 'ढुम्म', आणि त्यानंतर संथ घरघर. थोड्या वेळाने भिंतींच्या तळाशी बसवलेले पाण्याचे पाईप तापू लागायचे आणि खोलीखोलीतून टिकटिक ऐकू यायची. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या टिकटिकीची वाट बघायची. ती आली की पाय रजईबाहेर काढायला हरकत नसे. आता साठी उलटल्यावर माझी झोप तशीही लवकर उघडते, आणि जाग आली की अजून माझे कान तो आवाज शोधतात.

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या ह्या श्रूजबरीत तेव्हा आपली माणसं फार नव्हती. बाबा जवळच्याच एका कारखान्यात मशीनची डिझाइनं करत, आई इस्पितळाच्या लॅबमध्ये होती. मी आठ वर्षांची असताना आम्ही इथे आलो आणि काही वर्षांनी हे घर घेतलं. ते आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी घाईघाईने रंगवलेलं होतं, इतक्या घाईने की खिडक्या, बिजागऱ्या, स्विच, जे वाटेत आलं त्या सगळ्यावर त्याने एकच सायीसारखा रंग फासला होता. घरात दोन-तीन स्विच असे होते की ते वर केले काय आणि खाली केले काय, कुठेच काही होत नसे. बाबा म्हणायचे, "ही जुनी घरं अशीच. बघू पुढे कधीतरी." तो 'कधीतरी' आमच्या घरातला एक कायमचा पाहुणा होता. मात्र बंबाच्या बाबतीत बाबा कधी चालढकल करत नसत. तेल कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येऊन साफसफाई करून जातो, असं शेजारी सांगायचे. बाबांना ते पटत नसे. "बर्नर म्हणजे आहे काय? तेलाचा फवारा, हवा आणि ठिणगी. एवढ्यासाठी मी परक्याला घरात बोलवू? उद्या लोक म्हणतील, हा कसला इंजिनीअर!" असं म्हणून ते जुना स्वेटर चढवून खाली जायचे आणि रॉकेलसारखा वास घेऊन वर यायचे. आईला तो वास मुळीच आवडत नसे, मला मात्र आवडायचा.

घर घेतल्यावर दोनेक वर्षांनी, दिवाळीच्या आधी आजोबा आले. आईचे वडील, ती त्यांना अण्णा म्हणायची. आजी जाऊन वर्ष होत आलं होतं, आई त्यांची एकुलती एक मुलगी, आणि अकोल्याच्या घरात ते एकटेच राहत होते. आईने ठरवलं होतं की आता त्यांना परत पाठवायचं नाही. बाबांचीही त्याला मनापासून तयारी होती. त्यांनी शिवणकामाची खोली रिकामी करून तिथे पलंग टाकला, वाचायला दिवा लावला. अडचण होती ती आजोबांच्याच मनात. लेकीच्या घरी बापाने पाण्याचा घोटदेखील जपून घ्यावा, अशा रीतीत वाढलेला माणूस तो. येताना बरोबर मेतकूट, आमसुलं, सांडगे आणि स्वतःसाठी तांदूळसुद्धा घेऊन आले होते. आई हसून म्हणाली, "अण्णा, इथे अमेरिकेत कोण बघायला येणार आहे?" आजोबा म्हणाले, "मी बघतो ना." तरी ती हिरमुसली नाही. ते उन्हाळ्यापर्यंत रमले की आपोआप राहतील, अशी तिची अटकळ होती, आणि ते रमावेत म्हणून ती सकाळ-संध्याकाळ जिवाचं रान करत होती.

ते रमूही लागले होते. दुपारी मी शाळेतून आले की ते दार उघडायचे, गरम मेतकूट भात वाढायचे आणि समोर बसून माझ्याकडून इंग्रजी टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट ऐकून घ्यायचे. मी अर्धं इंग्रजीत सांगायची. "हे काय बोलून राहिली तू? नीट मराठीत सांग ना, बाप्पा," असं म्हणायचे, पण ऐकायचे पूर्ण. सकाळी भाजी चिरून ठेवत, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. जेवताना अर्धीच पोळी घेत. आपला भार कुणावर पडू नये ह्याची त्यांना फार काळजी. त्यातच उभी हयात वीज मंडळात गेलेली. माणूस खोलीतून निघाला की दिवा बंद झालाच पाहिजे, ह्या बाबतीत ते आईच्या लहानपणापासून कुणाचं ऐकत नसत. अकोल्याला अंघोळ करून बाहेर आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असे, "गिझर बंद केला का?" न्हाणीघराच्या दाराबाहेर गिझरचा स्विच होता आणि त्यावर त्यांची जातीने नजर असायची.

आता आमच्या घराची रचना सांगायला हवी. बाथरूममधून बाहेर आलं की लगेच डाव्या हाताला तळघराचं दार, आणि त्या दाराच्या चौकटीशी एक स्विच. त्या सायीच्या रंगाने माखलेला. त्यावरची अक्षरं बुजून गेली होती. नीट निरखून पाहिलं असतं तर पट्टीच्या कडेला रंगाखालून थोडासा लाल दिसत होता. बाबांनी तो निकामी स्विचांच्या यादीत टाकला होता. इथे राहिलेला कुणीही सांगेल की तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा स्विच असतो, आणि अडीअडचणीला तेलाचा बर्नर तिथूनच बंद करायचा असतो. आम्ही नवखे होतो, आम्हाला कुणी ते सांगितलं नव्हतं.

थंडी वाढली आणि बंब रुसायला लागला. मी शाळेतून यायची तर घर गार. आजोबा कोट, कानटोपी आणि वर आईची शाल अशा थाटात सोफ्यावर बसलेले असायचे. "आजोबा, इट्स फ्रीझिंग!" मी म्हणायची. "मला वाटलं, इथे असंच असते," ते म्हणायचे. बाबा कारखान्यातून आले की कपडे न बदलताच खाली. तिथे बॉयलरला स्वतःचं एक लाल बटण होतं, ते दाबलं की बर्नर पुन्हा सुरू व्हायला हवा. बाबा ते दाबायचे, बंब ढिम्म. मग त्यांनी फ्यूज पाहिला, तो ठीक होता. म्हणजे दोष तेलाच्या बाजूला, असा त्यांनी निकाल देऊन टाकला. वीज हा त्यांचा प्रांत नव्हता आणि आपल्या प्रांताबाहेर दोष असू शकतो हे त्यांना सहसा सुचत नसे. त्यांनी तेलाचं फिल्टर बदललं. नळीत हवा धरली असेल म्हणून ती काढली. आजोबा शेजारी मोडक्या स्टुलावर बसून बॅटरी धरायचे. "जावईबापू, तुमच्या ह्या मशीनचं काही खरं नाही. आमच्या अकोल्याला सूर्य फुकटात तापवते." बाबा हसायचे. दोघांची तिथे खाली चांगली गट्टी जमली होती.

आणि गंमत अशी की बंब चालू व्हायचा! बाबा हात पुसत वर येण्याच्या बेतात असायचे, तेवढ्यात आई कामावरून यायची. आठवड्यातले काही दिवस तिची इस्पितळात लांब पाळी असे. अंधारात जायची, अंधारात परतायची. ती मागच्या दाराने येई, बूट काढी, आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारी, "झाला का सुरू?" खाली 'खट्', मग 'ढुम्म'. "झाला!" बाबांचा विजयी आवाज यायचा. फवाऱ्याचं तोंड, म्हणजे ते नॉझल, नवीन बसवल्यावर असंच झालं. ठिणगीच्या काड्या घासून पुसून लावल्या, तेव्हाही तसंच. प्रत्येक वेळी बाबांना वाटायचं, ह्या खेपेला मूळ सापडलं. चार-दोन दिवस बरे जायचे आणि एखाद्या दुपारी घर पुन्हा गार. बाबा वाऱ्याची दिशा बघू लागले, बाहेरचं तापमान बघू लागले, टाकीत तेल किती उरलं की हे होतं ते बघू लागले. बायको कामाला कधी जाते, तेवढं सोडून त्यांनी सगळं पडताळून पाहिलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते असं.

एका सकाळी उठून बघतो तर दारापर्यंत बर्फ. शाळा बंद, कारखाना बंद, आईचीही पाळीतून सुटका झाली. सगळे घरात, असा दिवस आमच्याकडे क्वचितच यायचा. आई थालीपीठं लावत होती. ज्वारीचं पीठ नव्हतं म्हणून कणीक, बेसन आणि भरपूर कांदा. मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसून लोणी चाटत होते. बाथरूममधून आजोबांच्या स्तोत्राचा आणि तांब्याचा आवाज येत होता. टबमध्ये बादली ठेवूनच ते अंघोळ करत, शॉवर म्हणजे त्यांना पावसात भिजल्यासारखं वाटे. बाबा म्हणाले, "आज मी त्या बंबासमोरच बसतो. बंद पडताना एकदा डोळ्यांनी बघतो, मग सांगतो." आई एकदम म्हणाली, "आधी खाऊन घ्या ना. गरम आहे." "आलोच." "अहो, नंतर चिवट होतात ती. बसा तरी." बाबा हसत खाली गेलेसुद्धा. एरवी आई त्यांना इतका आग्रह कधी करत नसे. ती थालीपीठ तव्यावर तसंच ठेवून तळघराच्या दाराकडे निघाली, पण तेवढ्यात बाथरूमची कडी निघाली.

ओट्यापासून तळघराचं दार समोरच दिसे, त्यामुळे पुढचं मी स्टुलावरूनच पाहिलं. आजोबा बाहेर आले. खांद्यावर पंचा, कपाळावर ओलं गंध. त्यांनी सवयीने हात लांबवला आणि चौकटीजवळचा तो स्विच खाली केला. खालची घरघर थांबली. तळघराचं दार उघडंच होतं. बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, त्यांनी मान वर करून बघितलं. आजोबांना वाटलं, जावई अंघोळीसाठी खोळंबला आहे. ते म्हणाले, "या, या. माझं झालं."

बाबांनी स्विचकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की ते तिथेच कठड्याला धरून वाकले. "अण्णा! अहो, तो गिझर नाही! अख्खा बंब बंद करताय तुम्ही रोज!" आजोबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तेही ओशाळून हसले. "अरे बाप्पा! म्हणजे एवढ्या थंडीत मीच तुम्हाला..." इथवर सगळं ठीक होतं. इथे थांबलं असतं तर ती नुसती एक गंमत राहिली असती. पण बाबा इंजिनीअर होते. हसता हसता त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण मग रोज चालू कोण करायचं?"

तव्यावरच्या थालीपीठाचा करपट वास यायला लागला होता. आई दारात उभी होती, हातात उलथनं. "मी," ती म्हणाली. अण्णा आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिने ऐकलं होतं. इकडे स्विच खाली गेला आणि तिकडे घरघर थांबली. घराचे आवाज बायकांना आधी कळतात. त्या दिवसापासून ती घरी असली की आजोबांची पाठ वळताच स्विच वर करायची. घरी नसली की आल्याबरोबर, बूट काढता काढता. बाबांचा चेहरा उतरला. "मी इतके दिवस ते मशीन खोलून बसतोय, आणि तू..." पण आईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती आजोबांकडे बघत होती. आजोबांचं हसू मावळलं होतं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्हाला कसं सांगणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"हं," म्हणून ते आपल्या खोलीत गेले आणि पंचा वाळत घालायला लागले. नवऱ्याला सांगितलं असतं तर जावयापुढे बापाची शोभा झाली असती, आणि बापाला सांगावं तर लेकीने वडिलांची चूक कशी काढायची? म्हणून ती दोघांच्या मधे उभी राहून मुकाट्याने स्विच वर करत राहिली. तिने हे केवळ प्रेमापोटी केलं, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती.

संध्याकाळी बाबांनी तो स्विच वर करून त्यावर जाड चिकटपट्टी लावून टाकली. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला. पुढे संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ होता. आईने जवळच्या वूस्टर शहरातल्या लेबनीज दुकानातून तीळ आणले होते आणि गूळ नाही म्हणून ब्राउन शुगरच्या पाकात वड्या थापल्या होत्या. गावातली आणि आसपासची मराठी मंडळी आली. बाबांनी बंबाची गोष्ट सांगितली, आणि ते गोष्ट छान सांगत. स्वतःची फजितीही त्यांनी वगळली नाही. "काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!" सगळे पोट धरून हसले. वैद्य काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अण्णा, आमच्याकडे या हं राहायला, आमचं बिल तरी कमी होईल!" त्या बिचाऱ्या प्रेमाने बोलल्या. आजोबाही हसले. ज्यांनी विजेच्या खात्यात आयुष्य काढलं, त्यांची विजेच्या बटणावरून थट्टा होत होती. पण ते त्यांना लागलं असं मला वाटत नाही. थट्टा ते पचवत. त्यांनी तिळगुळाची वडी तोंडात टाकली आणि आईकडे पाहिलं. ती हातातलं तबक खाली ठेवून, त्यांच्या शालीचं टोक टेबलावरच्या मेणबत्तीपासून हळूच बाजूला सरकवत होती. त्यांना कळू नये अशा बेताने. त्यांना ते कळलं. मी बघत होते म्हणून मला माहीत आहे.

त्यानंतर ते घरात जपून वावरू लागले. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी विचारत, "हे असंच राहू द्यायचं ना?" भाजी चिरायचं थांबले, न जाणो, चुकीची चिरली जाईल आणि मागून कुणी पुन्हा चिरेल. अंघोळ करून आले की त्या चिकटपट्टीकडे न बघता पुढे जात. बर्फ वितळायच्या आत त्यांनी परतीच्या तिकिटाचा विषय काढला. आई रडली, भांडली, अबोला धरून बसली. बाबाही म्हणाले, "अण्णा, माझ्या गमतीचं मनावर घेतलंत का?" "छे हो, जावईबापू," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. बॉस्टनच्या विमानतळावर आईने शेवटचं विचारलं, "माझं काय चुकलं, अण्णा?" त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं काही नाही गं. माझ्या मागे मागे फिरून दमतेस तू. लेकीच्या घरी बापाने भार होऊ नये म्हणतात ते काही उगीच नाही." त्याच पावसाळ्यात ते अकोल्यातच वारले. आई पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तिला बंद घराचं कुलूप काढून आत जावं लागलं.

मला आज सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती ह्याची, की त्या घरात कुणीच वाईट नव्हतं. एखाद्यावर राग धरता आला असता तर बरं झालं असतं. आजोबा काटकसर करत होते ती आमच्यासाठी, आई लपवत होती ती त्यांच्यासाठी, आणि बाबा रोज गारठ्यात जाऊन बसत होते ते सगळ्यांसाठी. तेवढं एक वाक्य बोलायचं राहिलं आणि आईचा बाप तिला कायमचा दुरावला. पुढे कितीतरी वर्षं, घरात शांतता असताना बंब सुरू झाला की ती हातातलं काम थांबवायची.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी दूर दक्षिणेतल्या कॅरी गावातलं माझं घर विकून इथे आईजवळ राहायला आले. गेल्या पानगळीत बंबही गेला. त्याच्या जागी विजेवर चालणारं नवं यंत्र आलं. ते घर तापवतं, पण बोलत नाही. काम करणाऱ्या मुलाने विचारलं, जिन्यावरचा स्विच काढून टाकू का, त्याला आता काहीच जोडलेलं नाही. आई मराठीतच म्हणाली, "राहू दे." त्याला ते कळलं असावं. पिवळी पडलेली चिकटपट्टी अजून तिथे आहे.

आईला हल्ली कमी दिसतं. तरी चहाचे कप तीच घासते. डिशवॉशर आमच्याकडे आहे, पण तिच्या लेखी ते भांडी निथळत ठेवायचं कपाट. कपांना साबण राहतो. ती दुपारी आडवी झाली की मी ते परत धुऊन जागच्या जागी ठेवायची. तिला वाईट वाटू नये म्हणून. परवा मी तेच करत होते, नळाची धार बारीक ठेवून, आवाज होऊ नये अशा बेताने. मागे वळले तर ती दारात उभी. तिने माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं, ओल्या ओट्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

मी नळ बंद केला. माझ्या ओठांवर आलं होतं, छे गं, सहजच धुतेय. ते मी गिळलं. "हो, आई. तुला दिसत नाही, साबण राहतो. उद्यापासून तू घास, मी विसळेन. मिळून करू."

ती सावकाश आत आली. माझ्या हातातून कप घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला, बोटाने काठ पुसून पाहिला आणि मला परत दिला. मग खुर्ची ओढून जिन्याकडच्या दाराकडे तोंड करून बसली.

"अण्णांना मी एवढंच म्हणायला हवं होतं गं," ती म्हणाली. "एवढंच."